ईमानाची कल्हई आणि दुकानाचा गल्ला

दरवर्षी आम्ही एकच चित्र पाहतो. रमजानमध्ये मशिदीत उभे राहायला जागा मिळत नाही. ईदनंतर पंधरवडा उलटतो न उलटतो, तोच फज्रच्या नमाजला एक सफही धड भरत नाही. व्यापारी बंधूंना याविषयी विचारले तर ते मोकळेपणाने सांगतात, "काय करणार, महिनाभर मन वेगळेच होते. दुकान उघडले, तगादे सुरू झाले आणि सगळे विरून गेले." काही जण त्याहून कठोर कबुली देतात. रमजानच्या अखेरच्या दहा रात्री इबादतीच्या खऱ्या, पण कापडवाले, चप्पलवाले, मणियार आणि शिंपी यांच्या वर्षभराच्या कमाईच्या रात्रीही त्याच. म्हणजे ज्या रात्री मन अल्लाहकडे लागायचे, त्याच रात्री ते गल्ल्याकडे लागलेले असते.

ही तक्रार खरी आहे आणि ती हसण्यावारी नेता येत नाही. परंतु तिच्यावर जो उपाय सर्रास सांगितला जातो तो अपुरा आहे, असे आमचे मत आहे. धंद्यातून सवड काढा, एखाद्या इज्तेमाला जा, जमले तर उमरा करून या, म्हणजे ईमान ताजे होईल, असे सांगितले जाते. हे सारे चांगलेच आहे. पण जे ईमान दुकानात झिजते ते दुकानाबाहेर कितीही वेळा ताजे केले तरी पुन्हा दुकानातच झिजणार. म्हणून जिथे झीज होते तिथेच, म्हणजे तराजूपाशी, खतावणीपाशी आणि कारागिराच्या मजुरीपाशी ईमानाचे नूतनीकरण झाले पाहिजे. आजच्या लेखात आम्हाला एवढेच सांगायचे आहे.

कल्हईवाल्याचा धडा

ज्यांच्या घराण्यात कल्हईचा धंदा होता त्यांना हे लवकर कळेल. पितळेचे पातेले चिंचेने घासले की बाहेरून सोन्यासारखे चमकते. पण आतली कल्हई उडालेली असेल तर त्यात केलेली आमटी कळकते आणि खाणाऱ्याच्या पोटाला बाधते. कल्हई उडण्यात भांड्याचा काही अपराध नसतो. रोजच्या वापराने ती उडतेच. दोष असतो तो कल्हई उडालेली दिसत असूनही बाहेरूनच घासत राहणाऱ्याचा. आणि कल्हई लावायची तर आधी भांडे आतून स्वच्छ करावे लागते, भट्टीवर तापवावे लागते, नवसागर टाकावा लागतो. मळलेल्या भांड्यावर कथील धरत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हेच कपड्याच्या उदाहरणाने समजावले आहे. कपडा वापरून जुना होतो तसे अंतःकरणातले ईमानही जुने होते, म्हणून ते नवे करून देण्याची याचना अल्लाहकडे करीत राहावी, अशी त्यांची शिकवण आहे. ईमान नवे कसे करावे, असे सहाबांनी विचारले तेव्हा एकमेव अल्लाहवाचून कोणी उपास्य नाही ही ग्वाही वारंवार उच्चारण्यास त्यांनी सांगितले, असेही हदीसमध्ये आले आहे. ईमान जुने झाले म्हणून निराश होण्याचे कारण नाही. मात्र ते जुने होत नाही असे समजणे धोक्याचे आहे.

हजरत हन्जला (रजि.) यांचा किस्सा प्रत्येक दुकानदाराने लक्षात ठेवावा असा आहे. हे प्रेषितांच्या लेखनिकांपैकी एक. एकदा ते हजरत अबू बकर (रजि.) यांना भेटले आणि म्हणाले, की हन्जला दांभिक झाला! कारण विचारताच त्यांनी सांगितले, की प्रेषितांच्या सहवासात असतो तेव्हा जन्नत आणि जहन्नम जणू डोळ्यांसमोर असतात. घरी परतून बायकामुले आणि रोजीरोटीत गुंतलो की त्यातले पुष्कळसे विसरतो. हजरत अबू बकर (रजि.) यांनी काय म्हणावे? आमचेही असेच होते! दोघे प्रेषितांकडे गेले. माझ्याजवळ असताना तुमच्या मनाची जी स्थिती असते ती सदैव राहिली असती, तर फरिश्त्यांनी रस्त्यात तुमच्याशी हस्तांदोलन केले असते, असे प्रेषित म्हणाले. पण वेळ ही वेळेसारखी असते, कधी ही तर कधी ती, असा दिलासाही त्यांनी दिला.

यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. धंद्यात गुंतल्यावर मनाची उंची थोडी खाली येणे हे स्वाभाविक आहे; त्यासाठी दुकान टाकून डोंगरावर जायला कोणी सांगितलेले नाही. दुसरी गोष्ट अशी, की हजरत हन्जला (रजि.) यांना ती घसरण जाणवली आणि बोचली. ईमान जिवंत असल्याची खूण हीच. ज्याला बोचत नाही त्याने आपली कल्हई तपासून पाहावी.

झीज नेमकी कुठे होते?

पहिली जागा मापाची. 'मापात पाप' हा शब्द मराठीत उगाच रूढ झालेला नाही. घेताना पुरेपूर घेणारे आणि देताना कमी देणारे यांच्या धिक्काराने कुरआनची एक संपूर्ण सूरह, अल-मुतफ्फिफीन, सुरू होते. मदयनच्या लोकांना हजरत शुऐब (अ.) यांनी एकेश्वरत्वाबरोबर जो दुसरा उपदेश केला तो वजनमाप पूर्ण भरण्याचाच होता. नियमानुसार इलेक्ट्रॉनिक काटा दर 12 महिन्यांनी आणि लोखंडी-पितळी वजने दर 24 महिन्यांनी तपासून शिक्का मारून घ्यावी लागतात. सरकारलाही ठाऊक आहे, की वजन वापराने झिजते आणि काटा हळूहळू चुकू लागतो. मग तो काटा हाताळणाऱ्या माणसाची तपासणी कितीदा व्हावी?

बागवान बंधूंनी पेटीच्या वरच्या थरात लावलेली निवडक फळे, मोजताना जरा ताणून धरलेले कापड, डब्याच्या वजनासकट तोललेली मिठाई, ही सारी मापाचीच प्रकरणे आहेत. प्रेषितांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तर मग ओला भाग वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नसल्याचे स्पष्ट केले. धान्य भिजले हा अपराध नव्हता, ओल लपवली हा अपराध होता.

दुसरी जागा जिभेची. "कसम से, घरात पडते त्या भावात देतो" हे वाक्य आमच्या बाजारात दिवसातून किती वेळा ऐकू येते ते प्रत्येकाने स्वतः मोजावे. खोटी शपथ माल खपवते पण बरकत पुसून टाकते, ही ताकीद बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. जे मुख फज्रला कलिमा उच्चारते त्याच मुखाने दुपारी दोन रुपयांसाठी अल्लाहचे नाव पणाला लावायचे, यापेक्षा अधिक झीज कशाने होणार?

तिसरी जागा मजुरीची. आमच्या वाचकांत मालक आहेत तसे कारागीरही आहेत. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर उभा राहणारा, नगावर शिवण करणारा, सुतारकाम, फिटिंग, जरीकाम करणारा, घरी बसून मणी ओवणारी आणि काजबटण करणारी भगिनी, या सर्वांची एकच तक्रार आम्ही ऐकतो, की काम वेळेवर मागतात आणि पैसा "पुढच्या जुम्याला" देतात. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही प्रेषितांची शिकवण आपण भिंतीवर लावतो. पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कियामतच्या दिवशी खुद्द अल्लाह फिर्यादी असेल, ही हदीस मात्र सहसा कोणी भिंतीवर लावत नाही.

कारागिरांचीही एक बाजू आहे, आणि ती सांगितली नाही तर आम्हीच मापात कमी देऊ. ईदच्या आदल्या दिवसाचा वायदा करून चार गिऱ्हाइकांचे आगाऊ पैसे घेणे, आत स्वस्त लाकूड लावून वरून सनमायका चढवणे, मालक नसताना हात आखडता घेणे, हेही त्याच वहीत लिहिले जाते. हजरत दाऊद (अ.) स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत. कुरआनमध्ये त्यांच्या चिलखताच्या कामाचा उल्लेख आहे, आणि कड्या नीट मापात बसवण्याची सूचना तिथेच नेक कामाच्या आज्ञेबरोबर आली आहे. कामातली सफाई ही कारागिराची इबादत आहे, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

चौथी जागा लिखापढीची. कुरआनची सर्वांत लांब आयत, सूरह अल-बकराची 282 वी, ही उधारी लिहून ठेवण्याविषयी आहे. तरीही सख्ख्या भावांची भागीदारी आमच्याकडे तोंडी चालते. "आपल्या माणसांत कागद कशाला?" असे म्हणून सुरू झालेले दुकान वडिलांच्या मयतीनंतर कोर्टाच्या पायरीवर जाते, आणि बहिणीचा वारसाहक्क तर हिशेबातही धरला जात नाही. कागद करणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. ज्याने विश्वास ठेवायला शिकवले त्यानेच लिहायलाही सांगितले आहे. त्याच सूरहमध्ये त्याच्या थोडे आधी, अडचणीत सापडलेल्या ऋणकोला सवड देण्याचा उपदेश आहे. लिहावे नीट आणि वसुली करावी नरमाईने, असा हा मेळ आहे.

पाचवी जागा जकातीची. "दरसाल पंचवीस हजार वाटतो" असे सांगणारे भेटतात. हिशेब करून देणारे थोडे. वस्तुतः हा हिशेब कोणत्याही दुकानदाराला अर्ध्या दिवसात जमेल. वर्षाच्या ठरलेल्या तारखेला दुकानातला विक्रीचा माल चालू भावाने धरावा. कच्चा मालही त्यातच येतो. त्यात रोकड, बँकेतील शिल्लक, सोने-चांदी आणि वसूल होण्यासारखी उधारी मिळवावी. व्यापाऱ्यांचे चालू देणे वजा करावे. उरलेली रक्कम साडेबावन तोळे, म्हणजे सुमारे 612 ग्रॅम चांदीच्या किमतीएवढी किंवा अधिक असेल तर तिचा चाळिसावा भाग द्यावा. समजा, माल 4,00,000 रुपयांचा, रोकड व बँक 60,000, येणे 90,000 आणि देणे 1,50,000. तर शिल्लक 4,00,000 आणि जकात 10,000 रुपये. दुकानाची जागा, यंत्रमाग, शिलाई मशीन, सुताराची हत्यारे, हातगाडी यांवर जकात नाही. लांब मुदतीच्या कर्जाबाबत जाणत्या आलिमांना विचारून घ्यावे.

एक बारीक चूक मोठमोठ्या पेढ्यांतही होते. 31 मार्चच्या ताळेबंदावरच जकात काढली जाते. जकातीचे वर्ष चांद्र, सुमारे 354 दिवसांचे आहे. सौर वर्षाने 33 वर्षे हिशेब केला तर चांद्र वर्षे 34 होतात, म्हणजे एका संपूर्ण वर्षाची जकात कोणाच्या तरी हक्कातून गुपचूप गळते. ही गळती वाईट हेतूने होत नाही. पण गळतीच ती.

तौबा करायची तर हक्क परत करावा लागेल

आता मुख्य मुद्दा. अल्लाहचा हक्क चुकला तर मनापासूनच्या तौबाला त्याचा दरवाजा उघडा आहे. माणसाचा हक्क बुडवला असेल तर मात्र तो परत केल्यावाचून किंवा त्या माणसाने माफ केल्यावाचून तौबा पुरी होत नाही, यावर आपल्या उलेमांचे एकमत आहे. ज्याच्या कारागिरांची तीन महिन्यांची मजुरी थकली आहे, त्याने उमऱ्याचे तिकीट काढण्याआधी ती चुकवावी. त्याचे ईमान त्या थकबाकीत अडकून पडलेले आहे.

प्रेषितांनी एकदा सहाबांना विचारले, की दिवाळखोर कोण? ज्याच्याजवळ पैसा नाही, माल नाही तो, असे उत्तर मिळाले. त्यांनी सांगितले, की खरा दिवाळखोर तो, जो कियामतच्या दिवशी नमाज, रोजा आणि जकात घेऊन येईल. पण त्याने कोणाला शिवी दिलेली, कोणावर बालंट घेतलेले, कोणाचा माल खाल्लेला असेल. त्याच्या नेक्या देणेकऱ्यांत वाटल्या जातील आणि त्या संपल्यावर त्यांची पापे याच्या खात्यावर चढवली जातील. आपण व्यापारी माणसे आहोत. दिवाळे म्हणजे काय हे आपल्याला दुसऱ्याने सांगावे लागत नाही.

इमाम अबू हनीफा (रह.) हे कूफा शहरातले रेशमी कापडाचे व्यापारी होते. त्यांच्याविषयी असे सांगतात, की एका तागात ऐब असल्याचे त्यांनी आपल्या भागीदाराला बजावले होते. तो गिऱ्हाइकाला सांगायला विसरला आणि माल विकून बसला. गिऱ्हाइकाचा पत्ता लागेना, तेव्हा इमामसाहेबांनी त्या मालाची सारी रक्कम सदका करून टाकली. ज्यांचा फिकह आपण नमाजपासून वारसाहक्कापर्यंत पाळतो, त्यांचे दुकानही डोळ्यांसमोर ठेवायला नको काय?

"असे केले तर धंदा कसा चालणार?"

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. मोठ्या मॉलशी आणि मोबाईलवरून माल विकणाऱ्या कंपन्यांशी स्पर्धा आहे, शेजारचा दुकानदार मापात मारतो म्हणून भाव पाडू शकतो, घरभाडे आणि कर्जाचे हप्ते आहेत. यातले काहीच खोटे नाही. प्रामाणिकपणाने उद्याच भरभराट होईल, असले आश्वासन आम्ही देणार नाही. कधी कधी सचोटीने नुकसान होते आणि ते सोसावे लागते. परंतु इथेच कलिम्याची परीक्षा आहे. रोजी देणारा अल्लाह आहे असे मानायचे आणि पाव किलोमागे वीस ग्रॅम मारल्याशिवाय घर चालणार नाही असेही मानायचे, या दोन गोष्टी एका मनात कशा राहतील? त्या वीस ग्रॅमना आपण नकळत राज्जाक ठरवलेले असते.

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मक्केतले सारे सोडून मदीनेत आले. अन्सारी बंधूने आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि बाजाराचा रस्ता विचारला. पनीर आणि तुपाच्या व्यापारापासून सुरुवात करून ते पुढे मोठे व्यापारी झाले. आपल्या जवळचेच पाहायचे तर इ. स. 916 च्या सुमारास प्रवासी अल-मसऊदी कोकणच्या किनाऱ्यावरील चौल बंदरात आला तेव्हा तेथे सुमारे 10,000 मुस्लिम राहत असल्याचे त्याने नोंदवले. राज्य राष्ट्रकूटांचे, प्रजा परधर्मीय. तिथे एवढी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते ती बाजारात पत असल्याशिवाय नव्हे. शेजाऱ्याने आपला धर्म पुस्तकात वाचण्याआधी आपल्या तराजूत पाहिलेला असतो, हे तेव्हाही खरे होते आणि आजही खरे आहे.

याची उलटी बाजूही आम्ही पाहिली. 2019 मध्ये बंगळुरूत हलाल नफ्याच्या नावाने ठेवी गोळा करणारी एक कंपनी बुडाली आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची पुंजी गेली. त्यात विधवांचे पैसे होते, मुलींच्या लग्नाचे होते. लोकांनी हिशेब पाहिला नाही, पाटी पाहिली. धर्माची पाटी दुकानावर लावणे सोपे आहे. म्हणून 'हलाल'ची पाटी लावणाऱ्याने इतरांपेक्षा अधिक हिशेब दाखवावा आणि ठेव ठेवणाऱ्याने तो मागावा.

मग करायचे काय?

आम्ही मोठा कार्यक्रम देत नाही. या आठवड्यापासून जमतील अशा पाच गोष्टी सांगतो.

1. दुकान उघडताना बोहनीआधी एक मिनिट थांबून कलिमा समजून म्हणावा आणि आज कोणाचाही हक्क मारणार नाही अशी नियत करावी. जुहर आणि असर दुकानाजवळच्या मशिदीत जमाअतने पढावी. ज्यांना व्यापार अल्लाहच्या स्मरणापासून दूर नेत नाही अशा माणसांची कुरआनने तारीफ केली आहे. तीही व्यापार करणारीच माणसे आहेत.

2. या जुम्यापर्यंत कारागिरांची, हमालांची थकलेली मजुरी चुकवावी. सारी जमत नसेल तर लेखी हिशेब हातात द्यावा आणि तारीख सांगावी.

3. काटा आणि वजने तपासून घ्यावीत. मालातला ऐब गिऱ्हाइकाला तोंडाने सांगावा. शपथ घेण्याची सवय मोडावी; भाव सांगावा आणि थांबावे.

4. भागीदारी, उधारी आणि ठेवी दोन साक्षीदारांसह कागदावर आणाव्यात. जकातीसाठी एक हिजरी तारीख ठरवून ती खतावणीच्या पहिल्या पानावर लिहावी.

5. आठवड्यातून एक तास पाच-दहा दुकानदारांनी आणि कारागिरांनी एकत्र बसावे. हजरत मुआज बिन जबल (रजि.) आपल्या सोबत्यांना थोडा वेळ बसून ईमान ताजे करू या, असे म्हणून बोलावीत. एखादी सूरह अर्थासह वाचावी आणि खरेदी-विक्रीचा एखादा मसला आलिमांकडून समजून घ्यावा. दीनची समज नसलेल्याने आमच्या बाजारात विक्री करू नये, असा हजरत उमर (रजि.) यांचा दंडक होता. व्याजाचा आणि हप्त्यांचा प्रश्न अशा बैठकीतच नीट सोडवता येईल. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

या पाचांपैकी सर्वांत अवघड कोणती, असे विचाराल तर आम्ही दुसरी सांगू. तिच्यासाठी खिशात हात घालावा लागतो आणि ज्याला महिनाभर टाळले त्याच्या समोर जाऊन उभे राहावे लागते. पण एकदा ते केले की त्या रात्रीच्या इशाच्या नमाजला मन कसे लागते ते स्वतः अनुभवावे. आतले भांडे स्वच्छ झाल्यावरच कल्हई धरते.

हे लिहिणारे आम्ही या झिजेतून सुटलो आहोत असे कोणी समजू नये. अल्लाह आम्हा सर्वांच्या ईमानाला ताजेपणा देवो, आमच्या मापात भर आणि कमाईत बरकत देवो, आणि त्याच्या दरबारात दिवाळखोर म्हणून उभे राहण्यापासून आम्हाला वाचवो. आमीन.